मॉव्ह रंगाच्या साड्या: सिल्क, जॉर्जेट आणि कॉटनवर एकच शेड कशी जुळवायची

प्रश्न, थोडक्यात: बडोद्यात डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. संध्याकाळच्या रिसेप्शनला घरातल्या सगळ्या बायकांनी मॉव्ह नेसायचं ठरलंय. नमुना म्हणून आईची जुनी मॉव्ह सिल्कची साडी आहे, पण घड्यांवर तिचा रंग उडून पट्टे दिसतात. जावेला जॉर्जेट हवं, नणंदेला कॉटन. मंगळ बाजारात दुकानात अगदी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर गुलाबट दिसायला लागला. असं का होतं? तिन्ही कापडांवर एकच शेड येईल का? आईची साडी पुन्हा रंगवून घ्यावी का? आणि हे सगळं नैसर्गिक रंगात करता येईल का?

उत्तर:

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सिल्क, जॉर्जेट आणि कॉटन या तिन्हींवर मॉव्ह एका ठरावीक उजेडात जुळवता येतो. दुकानात, घरात, उन्हात आणि हॉलमध्ये, सगळीकडे सारखाच दिसेल अशी हमी कुणी रंगारी देत असेल तर त्याच्याकडे साड्या टाकू नका. तुमचा कार्यक्रम संध्याकाळचा आहे, तेव्हा हॉलमधला उजेड धरूनच शेड पक्की करा. आईची साडी पुन्हा मॉव्हच रंगवायला देऊ नका. आणि नमुना म्हणून तिचा वरचा पदर धरू नका, तो उजेड खाऊन बसलाय. साडीचा फॉल एका कोपऱ्यात चार बोटं उसवा. त्याखाली जो रंग दिसेल तो तुमचा खरा नमुना. वर्षानुवर्षं झाकलेला असल्यामुळे बहुतेक वेळा तिथे मूळ शेड जशीच्या तशी सापडते.

आता मॉव्ह म्हणजे जांभळ्यातला नेमका कुठला, ते ठरवून घेऊ, नाहीतर जाऊबाई एक घेऊन येतील आणि नणंदबाई दुसराच. युरोपात रस्त्याकडेला उगवणारं मॅलो नावाचं एक रानफूल आहे, त्याच्या पाकळ्यांचा हा रंग. लव्हेंडर निळसर आणि स्वच्छ असतो, लायलॅक त्याहून गुलाबट पण तोही उजळ. मॉव्हमध्ये मात्र किंचित राखाडी मिसळलेली असते, म्हणून तो शांत दिसतो. वांगी रंग पुष्कळ गडद, त्याचा इथे संबंध नाही. दुकानदार मात्र या चारींना ‘लव्हेंडर घ्या ना’ म्हणून एकाच गठ्ठ्यात काढून देतो. कॉम्प्युटरवरही तीच गत: वेबच्या प्रमाणित रंगनावांत लव्हेंडर आहे, ऑर्किड आहे, थिसल आहे, व्हायोलेट आहे, मॉव्ह मात्र नाहीच. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर रंगाचा चौकोन पाठवून ‘हा घ्या’ असं कुणालाही सांगू नका. फोनचा कॅमेरा जांभळ्याला हमखास निळ्याकडे ढकलतो, आणि पाहणाऱ्याचा स्क्रीन त्यात आपली भर घालतो. कापडाचा तुकडाच हातात द्यायचा, दोन इंचांचा असला तरी चालेल.

ब्लाउजपीसचं जे झालं ते दुकानदाराच्या लबाडीमुळे नव्हे. जांभळ्याच्या या घराण्याचा स्वभावच तसा आहे. पिवळा, हिरवा, निळा हे रंग इंद्रधनुष्यात आपापल्या जागी सापडतात. टोकाला व्हायोलेटही आहे. पण तांबूस झाक असलेला मॉव्ह तिथे शोधून मिळणार नाही, कारण त्याला स्वतःची अशी एक तरंगलांबी नाही. मॉव्ह कापड निळ्या टोकाकडचा प्रकाश परत पाठवतं, तांबड्या टोकाकडचाही पाठवतं, आणि मधला हिरवा, म्हणजे साधारण ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळून टाकतं. डोळा या दोन टोकांची बेरीज करतो आणि त्याला मॉव्ह म्हणतो. बेरजेतली एक बाजू वाढली की उत्तर बदललंच. दुकानात पांढरे एलईडी असतात, ६५०० केल्विनच्या आसपासचे (केल्विन हे उजेड पिवळा की निळसर याचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्यांच्यात ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा मोठा उंचवटा असतो आणि खोल तांबडा तुटपुंजा. घरी तुम्ही पिवळ्या दिव्याखाली, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनमध्ये, पिशवी उघडली. तिथे तांबडं भरपूर आणि निळं जेमतेम. कापड गुलाबट दिसणार नाही तर काय होणार?

पण एवढ्यावर भागत नाही. उजेड बदलल्यावर साडी आणि ब्लाउज दोन्ही सारखेच गुलाबट झाले असते तर तुमचं लक्षही गेलं नसतं. जोडी फुटली याचं कारण, दोन्हींवर मॉव्ह वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी आणलेला आहे. साडीवर कदाचित एकच व्हायोलेट रंग आहे, ब्लाउजपीसवर निळा आणि गुलाबी मिसळून तेच उत्तर काढलंय. एका उजेडात दोघांची बेरीज सारखी येते, दुसऱ्यात येत नाही. आमच्या धंद्यात याला मेटॅमेरिझम म्हणतात. मिलमध्ये यासाठी कलर मॅचिंग कॅबिनेट नावाची राखाडी पेटी असते. तिच्यात तीन-चार प्रकारचे दिवे: डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानांमधला ट्यूबचा उजेड, आणि ‘ए’ म्हणजे जुना तारेचा बल्ब. दोन तुकडे शेजारी ठेवायचे आणि एकेक दिवा बदलत जायचं. डी६५ मध्ये सख्ख्या बहिणी वाटणारे तुकडे ‘ए’खाली गेले की ओळखही दाखवत नाहीत. बिस्किटी किंवा बाटलीहिरव्या शेडमध्येही हे होतं, पण मॉव्ह, लव्हेंडर आणि राखाडी यांच्यात सगळ्यात जास्त.

पेटी तुमच्याकडे नाही, तिची गरजही नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीत, जिथे थेट ऊन येत नाही तिथे, दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून बघा, मधे फट ठेवू नका. मग तेच तुकडे संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली. दोन्हीकडे जुळले तर डोळे मिटून घ्या. एकीकडेच जुळत असतील तर संध्याकाळचं धरा. आणि शक्य झालं तर हॉलच्या मॅनेजरला सांगून एखाद्या रात्री दिवे चालू असताना तुकडे तिथेच नेऊन बघा. डेकोरेटरला विचारून ठेवा की बसायच्या जागी दिवे कोणते, पिवळे की पांढरे. स्टेजवर निळे-जांभळे पार लाइट सोडायचा त्यांचा बेत असेल तर मात्र मॉव्हचा हट्टच सोडा, त्यात पांढरी साडीसुद्धा जांभळीच दिसते आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. फोटोग्राफरलाही हे आधी सांगितलेलं बरं.

आणखी एक फसगत डोळ्याची आहे, रंगाऱ्याची नाही. फ्रान्समध्ये गोबलँ या सरकारी विणकामशाळेत मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. विणकरांची तक्रार अशी की आपल्याकडचं काळं सूत फिकं पडतं. शेव्रल यांनी तपासलं तर सुतात खोट नव्हती. शेजारी निळा-जांभळा आला की काळा मलूल दिसत होता. त्यावरून त्यांनी १८३९ मध्ये शेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम सविस्तर मांडला. हे तुमच्या कामाचं अशासाठी की काठांचा विचार कुणी करत नाही. मॉव्हला हिरवा काठ असेल तर अंग गुलाबट दिसतं. राणी रंगाचा काठ लावला तर तेच अंग निळसर आणि मळकट. सोनेरी जर पिवळी असल्यामुळे मॉव्हचा जांभळेपणा खुलवते, रुपेरी जर त्याला आणखी थंड करते. म्हणजे सगळ्यांची शेड बरोबर आली तरी एकीचा काठ हिरवा आणि दुसरीचा राणी असेल तर ओळीत उभं राहिल्यावर रंग वेगळेच वाटणार. सगळ्यांनी सोनेरी काठ घ्या, किंवा सगळ्यांनी बिनकाठाचं. माझं मत सोनेरीकडे. आपल्या गव्हाळ वर्णाला राखाडीकडे झुकलेला मॉव्ह चेहरा उतरल्यासारखा करतो, सोनेरी जर तेवढी उणीव भरून काढते. नमुनाच फार राखाडी असेल तर रंगवताना अर्धी पायरी गुलाबीकडे सरकायला सांगा.

आता कापडं. जावेच्या जॉर्जेटचं नुसतं ‘जॉर्जेट’ हे नाव पुरत नाही. ती विणण्याची आणि पीळ देण्याची तऱ्हा आहे. सूत प्युअर सिल्कचं असेल, व्हिस्कोसचं असेल, नायलॉनचं असेल किंवा पॉलिएस्टरचं, आणि बाजारात मिळणारं बहुतेक पॉलिएस्टरच. दुकानदार काय म्हणतो ते ऐकून घ्या आणि घरी येऊन कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली तर सिल्क. कागद जळल्याचा वास आणि हलकी राख, तर व्हिस्कोस किंवा कॉटन. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मण्याला लगेच हात लावू नका, बराच वेळ गरम राहतो.

ही चाचणी एवढ्यासाठी की प्रत्येक सुताची रंगाची जात वेगळी. सिल्कला अ‍ॅसिड रंग लागतात, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या हलक्या आंबट पाण्यात ते धाग्याला धरतात. कॉटन आणि व्हिस्कोसला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, आधी मीठ आणि मग सोडा अ‍ॅश टाकून. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग, आणि ते नीट आत शिरायला १३० अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे दाबाखालचं बंद यंत्र. गल्लीतल्या रंगाऱ्याच्या उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांपुढे जात नाही. फिकी शेड असल्यामुळे मॉव्ह तिथेही कसाबसा बसवता येतो, पण धुण्यात आणि इस्त्रीत तो किती टिकेल हे त्याच्या हातावर अवलंबून. म्हणून पॉलिएस्टर निघालं तर माझा सल्ला, ते रंगवूच नका. नमुन्याचा तुकडा घेऊन तयार रंगातलंच शोधा. पॉलिएस्टरमध्ये मॉव्हच्या इतक्या छटा बाजारात मिळतात की एखादी जवळची सापडतेच. व्हिस्कोस किंवा सिल्क जॉर्जेट असेल तर खुशाल रंगवायला द्या.

तीन सुतं, तीन जातींची रंगद्रव्यं, म्हणजे मेटॅमेरिझम आलाच. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी सिल्क रंगवून घ्या, कारण सिल्कची चमक दुसऱ्या कशावर येत नाही आणि नजर आधी तिच्याकडे जाते. ती मनासारखी झाली की तिचा तुकडा मालक. बाकी सगळे त्याच्याशी जुळवायचे, आईच्या साडीशी नाही. नाहीतर प्रत्येक जण मूळ नमुन्यापासून आपापल्या दिशेने थोडा थोडा हलतो आणि शेवटी दोघींतलं अंतर दुप्पट होतं.

कॉटनची मजा सांगते, कारण ती या रंगाच्या जन्माशी जोडलेली आहे आणि थोडी आपल्या गावाशीही. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन कृत्रिमरीत्या करू पाहत होता. क्विनीन काही झालं नाही, हाती काळा गाळ आला. अल्कोहोलने भांडं धुताना तो गाळ जांभळा विरघळला. त्याने त्यात रेशीम बुडवून पाहिलं, रंग बसला आणि धुऊनही राहिला. ऑगस्टमध्ये पेटंट, पुढच्या वर्षी कारखाना. डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅनिलिनचा हा पहिला कृत्रिम रंग, आणि काही वर्षांतच त्याला फ्रेंचांनी मॅलोला दिलेलं नाव चिकटलं. १८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात मॉव्ह मखमल घातली आणि रंगाची साथच आली. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने तिला गोवराची उपमा दिली होती. म्हणजे मुलीच्या लग्नात मॉव्ह नेसणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पण रेशमावर आणि लोकरीवर सहज चढणारा हा रंग कापसावर काही केल्या टिकेना. गंमत अशी की मॅलो आणि कापूस एकाच कुळातले, आपली जास्वंद आणि भेंडीही त्याच घरातली. चुलतभावाच्या नावाचा रंग कापूस घेईना! शेवटी कापसाला आधी टॅनिन पाजलं, म्हणजे आपण हिरड्याच्या काढ्यात कापड बुडवतो तसंच काहीसं, तेव्हा कुठे रंग धरला.

पुढे असले रंग हिंदुस्थानात आले आणि इथल्या रंगाऱ्यांची नीळ-मंजिष्ठा मागे पडू लागली. त्या वेळी ‘आपल्या माणसांना ही नवी रसायनं शिकवा’ म्हणणाऱ्यांत महाराज सयाजीराव होते. १८९० मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं, आणि ते उभं केलं प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. रंगकाम आणि छपाई हे तिथले मुख्य विषय. हेच गज्जर पुढे आणखी एका कारणासाठी गाजले. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. तो डाग कुणाला निघेना, तो काढून दाखवला गज्जरांनी. डांबरातून निघालेला मॉव्ह राणीने मिरवला, आणि डांबराने माखलेली राणी बडोद्यात रंग शिकवलेल्या माणसाने धुतली. कलाभवनची ती वास्तू आज सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विभागाची. आम्ही टेक्स्टाइल केमिस्ट्री तिथेच शिकलो, आणि आजही कुणी ‘टेक्नॉलॉजी’ म्हणत नाही, ‘कलाभवन’च म्हणतात.

आजच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना टॅनिनची गरज नाही, ते थेट कापसाच्या धाग्याशी रासायनिक गाठ मारतात, म्हणून नणंदेच्या कॉटनची काळजी करू नका. फक्त कॉटनला चमक नसल्यामुळे तोच रंग तिथे एक पायरी फिका आणि कोरडा दिसतो. रंगाऱ्याला सांगा, कॉटन थोडं गडद ठेव.

फिकी शेड सोपी, असा सगळ्यांचा समज असतो. उलट आहे. काळा किंवा मरून करताना थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाला कळत नाही. मॉव्हमध्ये रंग इतका कमी लागतो की मापातच मरण. हिशेब दाखवते. सिल्कची साडी ५०० ग्रॅमची धरा. गडद शेडला कापडाच्या वजनाच्या ३-४ टक्के रंग लागतो, म्हणजे १५ ते २० ग्रॅम. मॉव्हला साधारण ०.१२ टक्के, म्हणजे सबंध साडीला ०.६ ग्रॅम, चिमूटभर! त्यातला समजा ०.४ ग्रॅम व्हायोलेट आणि ०.२ ग्रॅम लाल. हे चमच्याने किंवा अंदाजाने घालणाऱ्याकडून दोन साड्या सारख्या निघणं शक्य नाही. म्हणून आधी प्रत्येक रंगाचं एक टक्क्याचं पाणी करतात: १ ग्रॅम रंग आणि १०० मिलिलिटर पाणी. मग व्हायोलेटचे ४० मिलिलिटर आणि लालचे २० मिलिलिटर मोजून घ्यायचे. लालचे २ मिलिलिटर जास्त पडले तर लाल दहा टक्के वाढला आणि साडी गुलाबट झाली, डोळ्याला दिसेल इतकी. मॉव्हची ती राखाडी झाक आणायला शेवटी पिवळ्याचे मोजके थेंब घालतात. पिवळा जांभळ्याच्या विरुद्ध टोकाचा, तो शेडला मारतो. जास्त पडला तर मात्र साडी चिखली होते आणि मग परतीची वाट नसते. रंगाऱ्याच्या टेबलावर मापनळी आणि बाटल्यांवर तारखा दिसल्या तर निम्मी काळजी मिटली असं समजा.

दुसरी भीती पट्ट्यांची. फिक्या शेडमध्ये रंग धाग्यावर झडप घालतो, जिथे आधी लागला तिथे गडद. उपाय घाई न करण्याचा. साडी आधी कोमट पाण्यात पूर्ण भिजवून घ्यायची, एकही कोरडी जागा नको. मग ४० अंशांच्या पाण्यात सोडायची, तीसपट पाणी तरी हवं, म्हणजे ५०० ग्रॅमला १५ लिटर. अ‍ॅसिड एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत. पाऊण तासात हळूहळू ८५ अंशांपर्यंत न्यायचं आणि सिल्क असल्यामुळे उकळू द्यायचं नाही, उकळलं तर चमक जाते. सगळा वेळ साडी फिरती राहिली पाहिजे. शेड बघताना कोपरा पिळून, सुकवून, मगच ताडून बघायचा, कारण ओलं कापड नेहमी गडद दिसतं. गरम इस्त्री फिरवून लगेच बघितलं तरीही टोन थोडा सरकलेला असतो, तुकडा थंड होऊ द्यायचा. ‘ओल्यात बरोबर आलंय’ म्हणणारा रंगारी सुकल्यावर फिकी साडी तुमच्या हातात ठेवतो.

आईच्या साडीकडे येते. घडीवर रंग उडतो कारण कपाटात तेवढीच कड उजेडाला उघडी असते, हवेतल्या वायूंचा मारही तिथेच बसतो. उजेडाला टिकण्याचं माप १ ते ८ असतं, ८ सर्वांत पक्का. पूर्वी रेशमावर झगझगीत जांभळे-गुलाबी आणायला मिथिल व्हायोलेट, ऱ्होडामाइन असे ‘बेसिक’ नावाच्या जातीचे रंग सर्रास वापरत. दिसायला लाजवाब, टिकायला या मापाच्या तळाशी. शिवाय एकच रंग फिका लावला की गडदपेक्षा लवकर उडाल्यासारखा दिसतो, मुळात होताच थोडा. पट्ट्यांचा टोन नीट बघा: पट्टा गुलाबट झाला असेल तर मिश्रणातला निळा आधी गेला, पट्टा निळसर-राखाडी असेल तर गुलाबी गेला. त्यावरून मूळ रंगाऱ्याने काय मिसळलं होतं याचा अंदाज येतो.

ही साडी पुन्हा मॉव्ह केली तर पट्टे जातील असं वाटतं. जाणार नाहीत. पट्ट्यावर नवीन रंग बसेल तेवढाच शेजारच्या भागावरही बसेल, फरक तसाच राहील. सगळा जुना रंग काढून कोरी करायची तर हायड्रो नावाचं रंग उतरवायचं रसायन वापरावं लागतं, त्याने जुनं रेशीम दुबळं होतं आणि जर काळवंडते किंवा निघून येते. एकच खात्रीचा मार्ग म्हणजे गडद करणं: वांगी किंवा वाईन, ज्याखाली पट्टे बुडून जातील. तेही आधी घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघून. बारीक कट्‌कट् आवाज आला किंवा धागे फाकले तर रेशीम पिकलंय, गरम पाण्यात घालूच नका. मला विचाराल तर आईची साडी आहे तशीच ठेवा. पदराचा चांगला भाग असेल तर त्याचा नवरीसाठी बटवा शिवून घ्या. जुन्या मॉव्हला जी उतरती झाक आलेली असते ती कुठल्याच बाटलीतून येत नाही.

नैसर्गिक रंगात मॉव्ह हवा असेल तर लाखेकडे जा. लाखेच्या किड्यापासून मिळणारा रंग तुरटी लावलेल्या सिल्कवर किरमिजी येतो, आणि पाण्यात जरासं हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातलं की तो राखाडी जांभळ्याकडे वळतो. हाच आपला मॉव्ह, आणि फार देखणा. मात्र लोखंडाचं प्रमाण वाढलं तर रेशमाला ते बाधतं, आणि एकाच पाण्यातून काढलेल्या दोन साड्यासुद्धा हुबेहूब सारख्या येत नाहीत. सगळ्यांची एकसारखी ओळ हवी असेल तर हा मार्ग नाही, एकट्या नवरीच्या आईसाठी उत्तम. गोकर्णाच्या फुलांचं पाणी, जांभळाचा रस असले घरगुती प्रयोग मात्र टाळा. गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, साबण लागला की हिरवट. सरबतात हे शोभतं, साडीवर नाही.

वेळेचा हिशेब: सगळं दिवाळीच्या आधी रंगाऱ्याकडे पडू द्या. लग्नसराई सुरू झाली की त्याच्याकडे पातेलं रिकामं नसतं आणि घाईत मॉव्हच सगळ्यात आधी बिघडतो. साड्या देताना प्रत्येकीचा एक न रंगवलेला आणि मालक तुकड्याचा एक रंगीत, असे दोन तुकडे कागदावर टाचून द्या, कागदावर ‘पिवळ्या दिव्यात जुळवणे’ असं लिहून. फॉल-पिको नंतर करा, कारण फॉल कॉटनचा असतो आणि अ‍ॅसिड रंगात तो कोराच राहतो. नवीन फॉल मात्र साडी घेऊन गेल्यावरच निवडा. रंगून आलेल्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. झाकलेला आणि उघडा यांत फरक दिसला तर साड्या त्या दिवसापर्यंत सुती कापडात गुंडाळून बंद कपाटात ठेवायच्या, आणि अत्तर मारायचं ते अंगाला, साडीला नाही.